सायकस इथेच का, वहाळापलीकडे का नाही? आपल्या रानातली बेटं कशी वाचायची

आमच्या घरामागच्या डोंगरात सायकसचं, म्हणजे माडासारख्या दिसणाऱ्या एका रानझाडाचं, एक बेट आहे. मोठी झाडं सतरा. शेजारून वहाळ जातो. वहाळाच्या पलीकडे तोच उतार, तीच तांबडी माती, तोच पाऊस, पण सायकसचं एकही झाड नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी हे बघत आले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना ‘परिसंस्थेनुसार वनस्पतींचा विस्तार बदलतो’ हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, पण स्वतःच्या घरामागचा हा प्रश्न हाती घेतला तो निवृत्त झाल्यावर. गेले सहा पावसाळे मी आणि शेजारचे आबा त्या डोंगरात दोरी आणि वही घेऊन फिरतोय. त्यातून जी पद्धत हाताला बसली ती इथे मांडते. तुमच्या गावच्या रानात ही झाडं असतील, तर तुम्हालाही हे करता येईल. त्यासाठी पदवी लागत नाही.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दक्षिण सिंधुदुर्गातला घाटाखालचा पट्टा, एवढंच पुरे. बंगल्यांपुढे लावायला लोक ही झाडं रानातून मुळासकट काढून नेतात. तुम्हीही तुमच्या नोंदींतली नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका. फोनवर फोटो पाठवताना त्यातली जागेची माहिती आधी काढून टाका.

आधी झाड ओळखा

बागेतला सायकस आणि रानातला सायकस हे दोन वेगळे. बंगल्यांपुढे दिसतो तो बहुतेक वेळा जपानकडचा सायकस रिव्होल्युटा. त्याची पानं आखूड आणि ताठ, पर्णिकांच्या (पानाच्या दांड्यावरच्या पात्यांच्या) कडा खाली वळलेल्या. आपला रानातला तो सायकस सर्सिनॅलिस. त्याची पानं पाच ते आठ फूट लांब, मऊसर, पर्णिका सपाट. हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलं. त्याचा अर्थ गुंडाळलेला. कोवळं पान येतं तेव्हा त्याच्या पर्णिका नेच्यासारख्या आत वळलेल्या असतात, ते एकदा जवळून बघा. जुन्या औषधी पुस्तकांत ‘मलबारी सुपारी’ आणि ‘जंगली मदनमस्त’ ही नावं आढळतात. आमच्याकडे मात्र लोक ‘त्या माडासारख्या झाडाकडे’ म्हणतात आणि हाताने दिशा दाखवतात.

माडासारखा दिसला तरी सायकसचा माडाशी काही संबंध नाही. भेरल्या माडाशी गल्लत होत असेल तर पर्णिका हातात घ्या. सायकसच्या पर्णिकेत मधोमध एकच शीर असते, बाजूच्या शिरा नसतात. ही खूण कधी चुकत नाही. सायकसला फूल येत नाही, फळही धरत नाही. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराच्या शेंड्यावर मोठा शंकू उभा राहतो, तो तयार झाला की आतून गरम होतो आणि त्याचा उग्र वास सुटतो. मादीच्या शेंड्यावर केसाळ, पानासारख्या पट्ट्यांचा झुबका येतो आणि त्यांच्या कडेला उघडी बीजं लागतात. मोजणी करताना नर की मादी हे लिहायलाच हवं. त्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

एक सूचना आत्ताच देते. बीजं विषारी आहेत. केरळात काही ठिकाणी त्यांचं पीठ करतात, पण कैक वेळा पाणी बदलून विष काढल्यावरच. बीजं हाताळली की हात धुवा. पोरं आणि कुत्री जवळ असतील तर बीजं उघड्यावर ठेवू नका. पानं खाल्लेल्या गुरांचे मागचे पाय लुळे पडतात.

बेट का होतं

सर्सिनॅलिस केरळ, तामिळनाडू, कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत वाढतो. त्याचा वावर मुख्यतः डोंगरातल्या, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या, बऱ्यापैकी दाट झाडोऱ्यात. म्हणजे आपण त्याच्या मुलखाच्या उत्तर टोकाला राहतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पाऊस आपल्याकडेही तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण तो जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. केरळला वळवाचा आणि परतीचा पाऊस भरपूर मिळतो. सह्याद्रीत जसजसं उत्तरेला यावं तसतसा कोरडा काळ लांबत जातो. त्यामुळे आपल्याकडे प्रश्न पावसाळ्याचा नसून एप्रिल-मे महिन्यांचा आहे. झाड कुठे तगतं हे या दोन महिन्यांत ठरतं. केरळातल्या नोंदी इथे जशाच्या तशा लावू नका.

दुसरी गोष्ट बीजाची. ते साधारण ४ सेंटिमीटरचं, चांगलंच जड. वारा ते उडवू शकत नाही. ते पडतं, उतारावरून चार-सहा हात गडगडतं आणि दगडाला अडून राहतं. याच वंशातल्या काही किनारी जातींच्या बीजात स्पंजासारखा थर असतो, ती समुद्रावर तरंगत बेटोबेटी पोचली. सर्सिनॅलिसच्या बीजात तो थर नाही. चांगलं भरलेलं बीज पाण्यात बुडतं. त्यामुळे वहाळाच्या पाण्यावर तरंगत ते पलीकडे जाईल ही आशा नको. हे मी आधीच सांगतेय, कारण आमच्या कोड्याचं अर्धं उत्तर यात होतं आणि ते माझ्या ध्यानात यायला चार वर्षं गेली.

तिसरी गोष्ट मुळांची. सायकसची काही मुळं वर येऊन मातीलगत पोवळ्यासारख्या गाठी धरतात. त्यांच्या आत निळी-हिरवी शेवाळं राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात. म्हणून जांभ्याच्या खडपात, जिथे बाकीची झाडं पोटाला मारून जगतात, तिथे सायकस उभा राहू शकतो. त्या गाठी बघायच्या असतील तर पालापाचोळा हाताने हळू बाजूला करा, बघा आणि परत झाका. कापून बघण्याचा मोह आवरा.

सामान आणि चौकट

पन्नास मीटर सुती दोरी, दर मीटरला गाठ मारलेली. दोन फुटांची लोखंडी सळी, दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण केलेली. शाळेतला कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली एक नट लटकवलेला. वही, पेन्सिल (पेन पावसात पसरतं), फोन. वनखात्याची जमीन असेल तर आधी परवानगी घ्या. खाजगी असेल तर मालकाच्या घरी जाऊन सांगा, चहा घ्या, मग जा. आमच्या भागात बरंच रान खाजगी आहे आणि बरीचशी माहिती त्या चहाबरोबरच मिळते.

झाडांभोवती दहा मीटर बाय दहा मीटरची चौकट आखायची. पण खरं काम पुढेच आहे: जितक्या चौकटी सायकस असलेल्या, तितक्याच सायकस नसलेल्या. नसलेली जागा आपल्या मनाने निवडायची नाही. आपण नकळत उघडी, रुक्ष जागा निवडतो आणि मग फरक आपोआप दिसतो. मी चिठ्ठ्या टाकते. आठ दिशांच्या आठ आणि अंतराच्या चार: पन्नास, पंचाहत्तर, शंभर, दीडशे मीटर. आबांनी चिठ्ठी उचलायची आणि जे निघेल तिथे जायचं, मग ते करवंदीच्या जाळीत असलं तरी.

पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. झाडं होती तिथेच मोजत गेले आणि वहीत अभिमानाने लिहिलं: ‘सायकसला तीव्र उतार आणि मोठे दगड आवडतात.’ माझ्या भाचीला फोन करून सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी वहीतलं ते वाक्य आबांना वाचून दाखवलं. ते दगडावर बसून पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘बाईनू, सपाटीर पण होती ती. काजी लावली तेव्हा काढून टाकली.’’ आणि हाताने वरची काजूची बाग दाखवली.

मी बराच वेळ त्या बागेकडे बघत उभी राहिले. उतारावर झाडं उरली होती ती उतार आवडतो म्हणून नव्हे. तिथे खड्डे मारून कलमं लावणं परवडत नव्हतं, एवढंच. रानातलं बेट दोन गोष्टींनी बनतं. जागेने काय दिलं आणि माणसाने काय काढून नेलं. या दोन्ही एकाच जागी एकावर एक पडलेल्या असतात, त्या सोडवल्याशिवाय मापांना अर्थ नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत पहिला रकाना ‘हात’ हा आहे. ही जागा कधी साफ केली होती का? भाजावळीसाठी (शेतात जाळायला) कवळ, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, तोडायचे का? इथे वणवा येतो का, किती वर्षांनी? कुणी इथून शंकू नेतात का? प्रत्येक चौकटीबद्दल गावातल्या निदान दोन म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं विचारा. गुरं राखणाऱ्या बायकांना जरूर विचारा. कुठल्या खडपात कोण झाड होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आणि मग तुलना करताना साफ झालेल्या जागा वेगळ्या काढा. कधीच साफ न झालेल्या जागांची तुलना तशाच जागांशी करा. मी तसं केलं तेव्हा उताराचा फरक जवळपास नाहीसा झाला.

काय मोजायचं

मातीची खोली. चौकटीचे चार कोपरे आणि मध्य, पाच ठिकाणी सळी हाताने दाबायची, हातोडा वापरायचा नाही. जिथे अडेल ती खोली. हे काम मे महिन्यात करू नका, तांबडी माती तेव्हा विटेसारखी होते आणि सगळीकडे खोटंच कमी माप येतं. ऑक्टोबर बरा.

पाण्याचा निचरा. हे माप कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात उपयोगी आहे. झाडापासून निदान तीन मीटर लांब (मुळांच्या गाठी वरच असतात म्हणून) एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा. एकदा भरून जिरू द्यायचा, दुसऱ्यांदा भरला की तासाभरात पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजायचं. सायकसच्या बुंध्याशी पाणी साचलं तर तो कुजतो. आमच्या डोंगरात सड्याच्या (माथ्यावरच्या सपाट कातळाच्या) कडेखाली जांभ्याचे फुटलेले धोंडे आणि मधे मातीचे खिसे आहेत. तिथे पावसाचं पाणी थांबत नाही, पण धोंड्यांखालची माती मात्र एप्रिलमध्येही हाताला गार लागते. पाणी निसटूनही जातं आणि ओलही राहते, अशी जागा रानात फार थोडी असते. वर सड्यावर उघडा कातळ, तो उन्हात पाय ठेवू देत नाही आणि पावसात तळं होतो. खाली मळ्याच्या बाजूला चिकणमाती. या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात सायकसला जागा मिळते. म्हणूनच नकाशावर तो ठिपक्यांसारखा दिसतो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एकदा जा आणि धोंड्याखाली हात घालून बघा. (साप-विंचू बघून, आधी काठीने.) माती मुठीत दाबा. गोळा होतो की सुटते, एवढंच लिहा. मी महागडं यंत्र आणलं होतं, ते वर्षभरात बंद पडलं. मूठ सहा वर्षं चालली आहे.

सावली. फोन छातीच्या उंचीवर आडवा धरून आकाशाचा फोटो काढा, ढगाळ वेळी किंवा सकाळी लवकर. फोटोवर चार बाय चार अशा सोळा चौकोनांची जाळी कल्पा आणि त्यातले किती चौकोन आकाशाचे ते मोजा. हे वर्षातून दोनदा करा, ऑगस्टमध्ये आणि मार्चमध्ये. ऐन, किंजळ, सावर पान गाळतात, त्यामुळे पावसाळ्यात अंधारी वाटणारी जागा मार्चमध्ये सताड उघडी असते. गर्द देवराईच्या पोटात आम्हाला सायकस मिळाला नाही, तिच्या कडेला मिळाला.

उतार कोनमापकाने. त्याची सरळ कड उताराला समांतर धरून बघायचं, दोरा नव्वद अंशांपासून किती सरकला तो कोन. उताराचं तोंड कुठल्या दिशेला हेही लिहा. पश्चिमेकडे तोंड असलेला उतार दुपारचं ऊन खातो.

झाडांची वयं

नुसती संख्या लिहिली तर फसाल. चार गट करा: एक-दोन पानांची रोपं, खोड न धरलेली लहान झाडं, कमरेइतक्या खोडाची, त्याहून मोठी. मोठ्या झाडांच्या खोडावर जुन्या पानांच्या देठांचं जाड चिलखत असतं, त्यामुळे वणवा त्यांना वरवर भाजून जातो आणि पावसापूर्वी शेंड्यातून नवी पानं येतात. रोपाला ते चिलखत नसतं. म्हणून जिथे दरवर्षी वणवा फिरतो तिथे मोठी झाडं हिरवीगार आणि पायथ्याला एकही पोर नाही, असं दृश्य दिसतं. बघणाऱ्याला बेट ठणठणीत वाटतं. तसं ते नसतं, ते नुसतं म्हातारं होत असतं.

रोपं नसण्याचं दुसरं कारण म्हणजे जोडीदार नसणं. परागकण पोचवण्याचं काम मुख्यतः छोटे भुंगे करतात. नराचा शंकू परागकण सुटायच्या आधीच औषधासाठी कापून नेला तर त्या हंगामात मादी रिकामी. आणि इथे सायकस आपल्याला चकवतो: पराग मिळाला नाही तरी त्याची बीजं आकाराने वाढतात. बाहेरून दोन्ही सारखी. खाली पडलेली पाच-दहा बीजं बादलीत टाका. तरंगली ती बहुतेक पोकळ, बुडाली ती बहुतेक भरलेली. मोजून झालं की पडली होती तिथेच परत ठेवा.

एकलेपणाचं टोक बघायचं तर दक्षिण आफ्रिकेतल्या एन्सेफॅलार्टोस वुडी या सायकसच्या नातलगाची गोष्ट आठवते. १८९५ मध्ये जॉन मेडली वुड यांना ओन्गोये जंगलाच्या कडेला त्याचं एकच बेट सापडलं, तेही फक्त नरांचं. मादी आजवर कुणाला मिळालेली नाही. आज जगातल्या बागांत जी झाडं आहेत ती सगळी त्या एका झुबक्याची पिल्लं. वर्गात हे सांगताना मला दरवेळी थांबावं लागायचं. आमच्या सतरांपैकी माद्या पाचच आहेत, आणि त्यातली एक गेल्या पावसात दरडीबरोबर खाली आली.

नोंदींचं काय करायचं

संगणक येत असेल तर उत्तम, नाहीतर मोठ्या कागदावर दोन रांगा करा: सायकस असलेल्या चौकटी, नसलेल्या चौकटी. एका वेळी एकच माप घ्या. निचरा जलद असलेल्या किती इकडे, किती तिकडे. मग सावली, मग एप्रिलची ओल. ज्या मापात दोन्ही रांगा सारख्याच दिसतात ते कारण निदान तुमच्या डोंगरापुरतं बाजूला ठेवा. आमच्याकडे दोनच गोष्टी टिकल्या: निचरा आणि एप्रिलमधली ओल. तुमच्याकडे वेगळं निघू शकतं. घाटाच्या जवळ, जिथे धुकं आणि दव जास्त, तिथे मी मोजलेलं नाही.

गावाच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, तिच्यात या झाडाची नोंद करून घ्या. सर्सिनॅलिस जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ आहे आणि सगळ्याच सायकसांचा देशाबाहेरचा व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे, हे तिथे ठासून सांगा. ठिकाणाऐवजी फक्त वाडीचं नाव द्या.

आता वहाळाच्या पलीकडचं. तिथल्या चौकटींची मापं अलीकडच्या बेटाशी जुळत होती. निचरा तोच, एप्रिलमध्ये मातीचा गोळाही होत होता. कधी साफ केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणजे जागा चांगली होती आणि तरी रिकामी. मग संशय बीजावर आला. माद्या सगळ्या अलीकडे, बीजं गडगडून वहाळात येतात आणि तळाशी बसतात. पलीकडचा चढ चढणार कोण? पलीकडची जमीन आबांचीच, म्हणून त्यांच्या संमतीने आम्ही बुडालेली बारा बीजं तिथे लावली. आडवी, अर्धी मातीत, अर्धी बाहेर, रानडुकरांनी उकरू नयेत म्हणून भोवती दगड. कुणी तुम्हाला सांगितलं की बीज पडल्या पडल्या रुजतं, तर विश्वास ठेवू नका. आतला गर्भ पडल्यानंतर बरेच महिने वाढत राहतो. आम्ही पहिला पावसाळा नुसते बघत राहिलो.

दुसऱ्या पावसाळ्यात नऊ रुजली. त्यातली वरच्या अंगाची चार मार्चच्या वणव्यात गेली. तो वणवा पलीकडच्या उतारावर जवळजवळ दरवर्षी येतो आणि वहाळाशी विझतो, हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. ‘हात’ रकान्यात मी तिथे ‘वणवा नाही’ असं लिहिलं होतं, कारण विचारलं होतं एकालाच. खोडून दुरुस्त केलं. खालची पाच, वहाळाच्या ओलीत, धोंड्याच्या सावलीला आहेत. यंदा आबांनी फेब्रुवारीतच वरून चार हात रुंदीची जाळरेषा काढून ठेवली. जूनमध्ये गेलो तेव्हा पाचही होती, प्रत्येकी दोन पानं.